चालू डेटाबेसचा बॅकअप

चालू डेटाबेसचा बॅकअप म्हणजे डेटाबेस व्यवस्थापन प्रणालीचे काम न थांबवता, नोंदींचे वाचन-लेखन सुरू असतानाच, त्या डेटाबेसची सुरक्षित प्रत तयार करण्याची प्रक्रिया होय. तिला 'ऑनलाइन बॅकअप' किंवा 'हॉट बॅकअप' असेही म्हणतात. बँका, रुग्णालये, आरक्षण केंद्रे, संकेतस्थळे अशा ठिकाणी डेटाबेस अहोरात्र वापरात असतो. प्रत काढण्यासाठी तो बंद ठेवणे तेथे बहुधा शक्य नसते.

संगणकावरील सर्वसाधारण फाइलींची प्रत ठेवण्यासाठी बाक्युला, अमांडा, आरसिंक, टार, बोर्ग, रेस्टिक यांसारखी सॉफ्टवेअरे वापरली जातात. ही सॉफ्टवेअरे चालू डेटाबेसच्या फाइलींवर थेट चालवल्यास तयार होणारी प्रत वरवर पूर्ण दिसते, पण प्रत्यक्षात ती निरुपयोगी असू शकते. फाइल वाचायला वेळ लागतो आणि त्या वेळात तिचा मजकूर बदलत राहतो, हे यामागील मूळ कारण आहे. म्हणून डेटाबेसची ग्राह्य प्रत एकतर एकाच क्षणाची असावी लागते, किंवा तिला एका निश्चित क्षणापर्यंत आणून पोहोचवणारा लॉग तिच्यासोबत असावा लागतो. या विषयातील सर्व पद्धती या दोहोंपैकी एका मार्गाने जातात.

अडचणीचे स्वरूप

फाइल बॅकअप सॉफ्टवेअर एखादी फाइल उघडते, आरंभापासून शेवटापर्यंत क्रमाने वाचते आणि वाचलेला मजकूर दुसऱ्या जागी लिहिते. १०० गिगाबाइटची फाइल दर सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने वाचली, तर त्यास सुमारे १७ मिनिटे लागतात. म्हणजे प्रतीचा पहिला भाग आणि शेवटचा भाग यांच्यात १७ मिनिटांचे अंतर पडते. पत्र किंवा छायाचित्र यांच्या फाइली सहसा इतक्या वेळात बदलत नाहीत. डेटाबेसच्या फाइलीत मात्र तेवढ्या वेळात हजारो बदल होऊ शकतात.

समजा, 'अ' खात्यात १०,००० रुपये आणि 'ब' खात्यात २,००० रुपये आहेत. 'अ'ची नोंद फाइलीच्या सुरुवातीला आणि 'ब'ची शेवटी आहे. बॅकअप सॉफ्टवेअरने 'अ'ची नोंद वाचल्यानंतर आणि 'ब'ची वाचण्यापूर्वी 'अ'मधून 'ब'मध्ये ५,००० रुपये वर्ग झाले, तर प्रतीत 'अ'कडे १०,००० आणि 'ब'कडे ७,००० रुपये दिसतील. मूळ डेटाबेसमध्ये दोन्ही खात्यांची बेरीज प्रत्येक क्षणी १२,००० रुपयेच होती. प्रतीत ती १७,००० होते. प्रतीत दिसणारी ही स्थिती मूळ डेटाबेसमध्ये कोणत्याही क्षणी अस्तित्वात नव्हती.

विसंगतीचे मुख्यतः तीन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार एकाच फाइलीच्या निरनिराळ्या भागांतील विसंगतीचा. वरील उदाहरण याच प्रकारात मोडते.

दुसरा प्रकार 'फाटलेल्या पानाचा'. डेटाबेस आपला मजकूर ठरावीक आकाराच्या पानांत साठवतो. पोस्टग्रेसएसक्यूएलमध्ये पानाचा प्रचलित आकार ८ किलोबाइट, तर मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण यंत्रणेत १६ किलोबाइट असतो. पान लिहिले जात असतानाच ते वाचले गेल्यास प्रतीत त्याचा अर्धा भाग जुना व अर्धा नवा येऊ शकतो.

तिसरा प्रकार अनेक फाइलींमधील विसंगतीचा. तक्ते, निर्देशसूची आणि लॉग बहुधा वेगवेगळ्या फाइलींत असतात. त्या एकामागून एक वाचल्या गेल्याने निर्देशसूचीत असलेली नोंद तक्त्यात नाही, किंवा तक्त्यात असलेली नोंद निर्देशसूचीत नाही, असे घडू शकते.

याशिवाय डेटाबेस वेगासाठी अनेक बदल काही काळ केवळ स्मृतीत ठेवतो. ते डिस्कवरील मूळ फाइलीत अजून उतरलेलेच नसतात. त्यामुळे केवळ डेटा-फाइली वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला ते बदल दिसत नाहीत.

कार्यप्रणालीनुसार या चुकीचे दृश्य रूपही बदलते. विंडोजवर डेटाबेसने स्वतःसाठी राखून ठेवलेली फाइल इतर सॉफ्टवेअरला बहुधा उघडताच येत नाही. बॅकअप सॉफ्टवेअर ती वगळते आणि तशी नोंद अहवालात करते. लिनक्सवर अशी अडवणूक सहसा होत नाही. फाइल निर्वेधपणे वाचली जाते आणि काम यशस्वी झाल्याचा संदेश मिळतो. जीएनयू टार हे सॉफ्टवेअर वाचन सुरू असताना फाइल बदलल्याचा इशारा देते, पण स्वयंचलित कामांत असे इशारे पुष्कळदा दुर्लक्षित राहतात. त्यामुळे दुसऱ्या परिस्थितीतील चूक अधिक काळ लपून राहते.

लॉगचे कार्य

चालू डेटाबेसच्या बॅकअपच्या बहुतेक पद्धती 'आधी नोंद, मग बदल' या तत्त्वावर आधारलेल्या आहेत. डेटा-फाइलीत कोणताही बदल उतरवण्यापूर्वी त्याची नोंद लॉगमध्ये कायम करावी, असा हा नियम आहे. अशा लॉगला 'राइट-अहेड लॉग' म्हणतात. ओरॅकल व इनोडीबी यांत त्यास 'रिडू लॉग' असे नाव आहे.

पारंपरिक हिशेबपद्धतीतील कीर्द आणि खतावणी यांचे नाते याच स्वरूपाचे आहे. प्रत्येक व्यवहार घडला त्या क्रमाने आधी रोजकीर्दीत लिहिला जातो आणि नंतर खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवला जातो. खतावणीवर नोंदी चढवण्याचे काम सुरू असताना कोणी तिची पानामागून पान नक्कल केली, तर ती नक्कल जुळणार नाही. परंतु नक्कल सुरू झाल्यापासून पूर्ण होईपर्यंतच्या काळातील कीर्द सोबत असेल, तर तिच्यावरून राहिलेल्या नोंदी चढवून खतावणी पुन्हा जुळवता येते. लॉग असलेल्या डेटाबेसची पुनर्प्राप्ती अशीच होते.

वीज जाऊन सर्व्हर अचानक बंद पडल्यास डेटाबेस पुन्हा सुरू होताना लॉग वाचतो, पूर्ण झालेले व्यवहार डेटा-फाइलींवर पुन्हा चढवतो आणि अपुरे व्यवहार रद्द ठरवतो. या तंत्राची अतिशय प्रभावी मांडणी आयबीएममधील सी. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'एरीज' या पद्धतीत आढळते. वापर सुरू असताना घेतलेली 'अस्पष्ट' प्रत लॉगच्या साहाय्याने सुसंगत कशी करावी, याचाही विचार त्या शोधनिबंधात आहे.

बॅकअपच्या पद्धती

डेटाबेस बंद करून घेतलेली प्रत

ही सर्वांत सोपी पद्धत होय. डेटाबेस रीतसर बंद करावा, त्याच्या सर्व फाइलींची प्रत घ्यावी आणि तो पुन्हा सुरू करावा. यास 'कोल्ड बॅकअप' म्हणतात. या वेळी फाइलींत कोणतेही लेखन होत नसल्याने कोणतेही फाइल बॅकअप सॉफ्टवेअर चालते. सेवा बंद राहणे हा या पद्धतीचा दोष आहे.

बंद ठेवण्याचा काळ कमी करण्यासाठी आरसिंक दोनदा चालवण्याची युक्ती वापरतात. पहिल्या फेरीत डेटाबेस चालू असतो. दुसऱ्या फेरीत तो बंद करून केवळ बदललेला भाग उतरवला जातो. दुसऱ्या फेरीत फाइलींची तुलना वेळेवरून न करता त्यांच्या मजकुराच्या बेरीज-पडताळणीवरून करावी लागते, कारण एकाच सेकंदात झालेले बदल वेळेच्या तुलनेतून निसटू शकतात.

तार्किक निर्यात

या पद्धतीत फाइलींना हात न लावता डेटाबेसलाच त्यातील मजकूर विचारला जातो. पोस्टग्रेसएसक्यूएलचे पीजी-डम्प आणि मायएसक्यूएलचे मायएसक्यूएल-डम्प ही याची परिचित साधने आहेत. ती तक्त्यांची रचना व नोंदी स्वतंत्र फाइलीत उतरवतात. ही निर्यात-फाइल एकदा पूर्ण झाली, की तिच्यात बदल होत नाही. म्हणून तिची प्रत घेणे सर्वसाधारण बॅकअप सॉफ्टवेअरला निर्धोकपणे जमते.

पीजी-डम्प निर्यातीच्या आरंभीची एकच सुसंगत स्थिती शेवटपर्यंत पाहत राहते आणि त्या काळात इतरांचे लेखन थांबत नाही. मायएसक्यूएल-डम्पमध्ये यासाठी 'एकच व्यवहार' हा पर्याय निवडावा लागतो. तो इनोडीबी तक्त्यांपुरताच उपयोगी आहे. व्यवहारांची सोय नसलेल्या मायआयसॅम तक्त्यांना तो लागू होत नाही. अशी निर्यात वेगळ्या आवृत्तीच्या सर्व्हरवरही बहुधा वापरता येते. मोठ्या डेटाबेसमध्ये मात्र निर्यातीला आणि त्याहूनही अधिक पुनर्स्थापनेला पुष्कळ वेळ लागतो, कारण सर्व नोंदी पुन्हा भरून निर्देशसूची नव्याने बांधाव्या लागतात.

स्नॅपशॉट

लिनक्समधील एलव्हीएम, तसेच झेडएफएस व बीटीआरएफएस या फाइल प्रणाली संपूर्ण साठवणीचे एका क्षणाचे चित्र गोठवू शकतात. मूळ फाइलींत लेखन सुरूच राहते, पण स्नॅपशॉटमध्ये त्या क्षणाचाच मजकूर दिसत राहतो. बॅकअप सॉफ्टवेअर मग मूळ फाइलींऐवजी स्नॅपशॉट सावकाश वाचते.

अशी प्रत वीज गेल्याच्या क्षणी डिस्कवर जी स्थिती राहिली असती तशी असते आणि सुरू होताना डेटाबेस तिची लॉगच्या आधारे दुरुस्ती करतो. यासाठी डेटा-फाइली व लॉग हे दोन्ही एकाच क्षणाच्या स्नॅपशॉटमध्ये असणे आवश्यक आहे. ते वेगवेगळ्या डिस्कवर असतील आणि त्यांचे स्नॅपशॉट काही सेकंदांच्या अंतराने घेतले गेले, तर प्रत विश्वासार्ह राहत नाही. पारंपरिक एलव्हीएम स्नॅपशॉटसाठी राखून ठेवलेली जागा संपल्यास तो स्नॅपशॉट बाद होतो. मूळ डिस्कवरच राहिलेला स्नॅपशॉट ती डिस्क बिघडल्यास उपयोगी पडत नाही. त्यातील मजकूर अन्यत्र उतरवल्यावरच तो बॅकअप ठरतो.

लॉगसह भौतिक प्रत

या पद्धतीत डेटाबेसला बॅकअप सुरू होत असल्याची सूचना दिली जाते, डेटा-फाइली चालू स्थितीतच वाचल्या जातात आणि शेवटी बॅकअप संपल्याची सूचना दिली जाते. मधल्या काळातील संपूर्ण लॉग प्रतीसोबत ठेवणे येथे अनिवार्य असते. डेटा-फाइलींची प्रत विसंगत असली, तरी पुनर्स्थापनेच्या वेळी लॉग चढवून ती सुसंगत केली जाते. फाटलेल्या पानांवर उपाय म्हणून पोस्टग्रेसएसक्यूएल या काळात बदललेले पान प्रथम संपूर्णपणे लॉगमध्ये लिहिते. ओरॅकलच्या पारंपरिक बॅकअप स्थितीतही हेच घडते.

ही प्रत घेतल्यानंतरचा लॉगही सलग जपून ठेवला, तर डेटाबेस पुढील कोणत्याही इच्छित क्षणापर्यंत आणता येतो. दुपारी २ वाजता एखादा तक्ता चुकून पुसला गेला, तर रात्रीच्या प्रतीवर १ वाजून ५९ मिनिटांपर्यंतचा लॉग चढवून तो परत मिळवता येतो. मधला एखादा लॉग हरवल्यास मात्र त्यापुढे जाता येत नाही.

निरनिराळ्या प्रणालींतील सोयी

एसक्यूलाइट हा मोबाइल ॲप व ब्राउझरमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा डेटाबेस आहे. संपूर्ण डेटाबेस एकाच फाइलीत असल्याने तिची साधी प्रत पुरेशी आहे, असा समज होतो. मात्र नुकतेच झालेले बदल शेजारच्या लॉग-फाइलीत असू शकतात. ती फाइल न घेतल्यास काही व्यवहार गमावले जातात किंवा प्रत बिघडते. यासाठी एसक्यूलाइटमध्ये स्वतंत्र बॅकअप आज्ञा आहे. २०१९ मधील ३.२७ या आवृत्तीपासून 'व्हॅक्यूम इनटू' या आज्ञेनेही नव्या फाइलीत सुसंगत प्रत काढता येते.

पोस्टग्रेसएसक्यूएलमध्ये लॉगसह भौतिक प्रत घेण्यासाठी पीजी-बेसबॅकअप हे साधन आहे. बॅकअप संपताना सर्व्हर 'बॅकअप लेबल' नावाच्या फाइलीचा मजकूर देतो आणि तो प्रतीसोबत ठेवावा लागतो. लॉग कोठून चढवायला सुरुवात करावी, हे त्यावरून समजते. तो वगळला गेल्यास पुनर्प्राप्ती चुकीच्या जागेपासून सुरू होऊन डेटाबेस कोणतीही तक्रार न करता बिघडलेल्या स्थितीत उभा राहू शकतो.

मायएसक्यूएलमध्ये सर्व तक्ते वाचनापुरते कुलूपबंद करण्याची आज्ञा आहे. ती देऊन फाइलींची प्रत घेणे इनोडीबीसाठी पुरेसे नसते, कारण पार्श्वभूमीतील लेखन त्यानंतरही चालू राहते. शिवाय आज्ञा देणारी जोडणी बंद होताच हे कुलूप सुटते. कुलूप लावून लगेच संपणारी आज्ञावली त्यामुळे कोणतेच संरक्षण देत नाही. पर्कोना एक्स्ट्राबॅकअप व मारियाडीबीचे मारियाबॅकअप ही साधने डेटा-फाइली वाचत असतानाच लॉगही उतरवत राहतात आणि नंतरच्या 'पूर्वतयारी' टप्प्यात तो प्रतीवर चढवतात.

ओरॅकलमध्ये आरमॅन हे साधन पाने स्वतः तपासून वाचते. एखादे पान अर्धवट लिहिलेले आढळल्यास ते पुन्हा वाचले जाते, म्हणून वेगळ्या बॅकअप स्थितीची गरज उरत नाही. चालू डेटाबेसचा बॅकअप घेण्यासाठी लॉगचा संग्रह करण्याची स्थिती आधीपासून सुरू असावी लागते.

मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरमध्ये बॅकअपची आज्ञा डेटाबेस चालू असतानाच काम करते. विंडोजच्या 'व्हॉल्यूम शॅडो कॉपी' सेवेद्वारे बॅकअप सॉफ्टवेअर डेटाबेसला काही क्षण लेखन थांबवण्यास सांगते, तेवढ्यात स्नॅपशॉट घेतला जातो आणि लेखन पुन्हा सुरू होते.

फाइल बॅकअप सॉफ्टवेअरशी सांगड

प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी दोन टप्प्यांची योजना वापरली जाते. पहिल्या टप्प्यात डेटाबेसच्या स्वतःच्या साधनाने सुसंगत प्रत तयार होते. दुसऱ्या टप्प्यात फाइल बॅकअप सॉफ्टवेअर ती प्रत दुसऱ्या ठिकाणी नेते. बाक्युलासारख्या सॉफ्टवेअरमध्ये बॅकअपपूर्वी व बॅकअपनंतर ठरावीक आज्ञावली चालवण्याची सोय असते. बाक्युला आपल्या बॅकअपची सूची स्वतःच एका डेटाबेसमध्ये ठेवते. त्या सूचीचा बॅकअप घेतानाही आधी निर्यात आणि मग निर्यात-फाइलीची प्रत असाच क्रम पाळला जातो.

अशा योजनेत पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते.

पूर्व-आज्ञावली अयशस्वी झाल्यास संपूर्ण बॅकअप अयशस्वी ठरला पाहिजे. अन्यथा कालची किंवा अर्धवट निर्यात आजची म्हणून साठवली जाते. निर्यातीचा मजकूर थेट संक्षेपण करणाऱ्या आज्ञेकडे पाठवल्यास यशापयशाचा निकाल बहुधा शेवटच्या आज्ञेचा धरला जातो. त्यामुळे निर्यात मध्येच थांबली, तरी काम यशस्वी दिसू शकते.

निर्यात आधी तात्पुरत्या नावाने लिहावी आणि पूर्ण झाल्यावरच तिला अंतिम नाव द्यावे, म्हणजे अपुरी फाइल उचलली जात नाही.

चालू डेटाबेसची मूळ निर्देशिका फाइल बॅकअपमधून वगळणे हिताचे असते. तिची विसंगत प्रत साठ्यात राहिली, तर संकटकाळी घाईत तीच पुनर्स्थापित केली जाण्याचा धोका संभवतो.

बोर्ग व रेस्टिक ही सॉफ्टवेअरे समान मजकूर एकदाच साठवून जागा वाचवतात. आधीच संक्षिप्त केलेली निर्यात दिल्यास हा लाभ बराच कमी होतो, कारण थोड्या बदलानेही संक्षिप्त फाइलीचा मोठा भाग बदलतो.

निर्यात-फाइलीत वापरकर्त्यांची खासगी माहिती असते. म्हणून तिचे कूटलेखन करणे आणि त्याची किल्ली बॅकअपपासून वेगळी, पण सापडेल अशी ठेवणे आवश्यक असते.

पुनर्स्थापनेची चाचणी

बॅकअप यशस्वी झाल्याचा संदेश केवळ फाइली लिहिल्या गेल्याचे सांगतो. त्यांतून डेटाबेस उभा राहतो की नाही, हे पुनर्स्थापना केल्यावरच कळते. त्यासाठी वेगळ्या सर्व्हरवर ठरावीक काळाने प्रत उतरवणे, डेटाबेस सुरू करणे, त्याची अंतर्गत तपासणी चालवणे आणि अलीकडच्या नोंदी आहेत का ते पाहणे, असा क्रम पाळला जातो. यातून पुनर्स्थापनेस लागणारा वेळही समजतो.

या संदर्भात गिटलॅब या सॉफ्टवेअर-विकास सेवेतील ३१ जानेवारी २०१७ ची घटना प्रसिद्ध आहे. दुय्यम सर्व्हरवरील डेटाबेसची निर्देशिका पुसण्याची आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर दिली गेली आणि सुमारे ३०० गिगाबाइट मजकूर नाहीसा झाला. रोजची पीजी-डम्प निर्यात शोधली असता साठा रिकामा आढळला. निर्यातीचे साधन ९.२ आवृत्तीचे आणि डेटाबेस ९.६ आवृत्तीचा असल्याने निर्यात अपयशी ठरत होती. त्या अपयशाची सूचना देणारे ईमेलही प्रेषकाची ओळख प्रमाणित नसल्याने नाकारले जात होते. सुमारे सहा तासांपूर्वी चाचणी-सर्व्हरसाठी हाताने घेतलेल्या एलव्हीएम स्नॅपशॉटवरून अखेर सेवा पूर्ववत करण्यात आली. मधल्या तासांत डेटाबेसमध्ये झालेले बदल कायमचे गेले. कंपनीने स्वतःच या घटनेचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला.

बॅकअपला पर्याय समजल्या जाणाऱ्या गोष्टी

एकाच मजकुराच्या अनेक डिस्क ठेवणारी रेड रचना आणि दुसऱ्या सर्व्हरवर बदल तत्काळ पोहोचवणारी प्रतिकृती यांना अनेकदा बॅकअपचा पर्याय मानले जाते. यंत्र बिघडल्यास या दोन्ही सोयी उपयोगी पडतात. परंतु चुकून दिलेली पुसण्याची आज्ञाही त्या तितक्याच तत्परतेने सर्व प्रतींवर पोहोचवतात. चुकीच्या आधीची स्थिती परत मिळवण्यासाठी त्या स्थितीची, मूळ सर्व्हरपासून वेगळी ठेवलेली प्रत लागते. बिघाड उशिरा लक्षात येण्याची शक्यता असल्याने केवळ शेवटची प्रत न ठेवता निरनिराळ्या दिवसांच्या अनेक प्रती जपल्या जातात.